विंबल्डनचे नायक आणि खलनायक

विंबल्डन हे नाव उच्चारले की आपल्याकडील रसिकांच्या डोळ्यांपुढे टेनिस उभे राहते : कापलेली हिरवळ, पांढरे पोशाख आणि बेताच्या टाळ्या. तो पंधरवडा सरल्यावर उरलेले वर्षभर त्या गावात काय चालते, ह्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः लंडनच्या नैर्ऋत्येस असलेल्या ह्या उपनगरात दुसरेही एक मैदान होते. दलदलीची पडीक जागा भरून काढून ते तयार केलेले होते. गल्लीचे नाव प्लाऊ लेन, म्हणजे नांगराची गल्ली. त्या मैदानावर विंबल्डनचा फुटबॉल संघ १९१२ पासून खेळत होता. टेनिसच्या विंबल्डनला राजघराण्यातील मंडळी येत. फुटबॉलच्या विंबल्डनला शनिवारी दुपारी आसपासचे कामगार, कारकून आणि दुकानदार आपल्या मुलांना घेऊन येत. ह्या दुसऱ्या विंबल्डनच्या कथेत नायक आहेत, खलनायक आहेत, आणि काही माणसे अशीही आहेत की त्यांना कोणत्या रांगेत बसवावे हे तिथल्या लोकांना अद्याप नीटसे ठरविता आलेले नाही.

आपल्या जुन्या नाटकांत ही अडचण पडत नसे. खलनायक रंगभूमीवर आला की पिटातील प्रेक्षक त्याला पहिल्याच प्रवेशात ओळखीत, आणि नाटक संपेपर्यंत त्यांचे मत बदलण्याचे कारण उद्भवत नसे. फुटबॉल संघाचा इतिहास इतका सोयीचा नसतो. तिसऱ्या अंकापर्यंत ज्याच्या गळ्यात हार घातले, त्यानेच चौथ्या अंकात घर विकलेले आढळते.

हा संघ प्रथम स्थापन झाला १८८९ साली. तिथल्या सेंट्रल स्कूलमधून शिकून बाहेर पडलेल्या मुलांनी तो काढला आणि विंबल्डनच्या सार्वजनिक माळरानावर ते खेळू लागले. पुढची पंचाहत्तर वर्षे हा हौशी खेळाडूंचा संघ होता. खेळाचे पैसे घ्यायचे नाहीत, आठवडाभर आपापला उद्योग करायचा आणि शनिवारी मैदानात उतरायचे, अशी त्याची रीत होती. १९६३ साली ह्या संघाने वेम्ब्लीच्या मैदानावर हौशी संघांचा राष्ट्रीय चषक जिंकला. सटन युनायटेड ह्या शेजारच्याच संघाला त्यांनी ४-२ असे हरविले. चारही गोल एडी रेनल्ड्स ह्या एकाच खेळाडूने केले आणि चारही डोक्याने केले. पुढच्याच वर्षी संघाने हौशीपणा सोडला आणि खेळाडूंना थोडेफार मानधन मिळू लागले.

इंग्लंडमधील फुटबॉलची रचना ठाऊक असल्याखेरीज पुढची गोष्ट उमगणार नाही, म्हणून ती थोडक्यात सांगणे अवश्य आहे. सर्वांत वर चार विभागांची राष्ट्रीय लीग आणि तिच्याखाली प्रादेशिक लीगांची लांबलचक उतरंड. त्या काळी खालच्यांना वर जाण्याची वाट खेळातून नव्हती. लीगमधील संघांनी मते देऊन एखाद्याला आत घेतले तरच दार उघडे. परंतु चषकस्पर्धेत मात्र लहानथोर सारे एकाच पंगतीला बसत, आणि म्हणून चिठ्ठ्या टाकल्यावर एखाद्या गावठी संघाला देशाच्या विजेत्याशी गाठ पडण्याचा योग येई.

तो योग विंबल्डनला जानेवारी १९७५ मध्ये आला. त्याआधी तिसऱ्या फेरीत त्यांनी पहिल्या विभागातील बर्न्लीला त्यांच्याच मैदानावर १-० असे हरवून सगळ्या इंग्लंडला अचंबित केले होते. आता समोर उभा होता लीड्स युनायटेड, आदल्या हंगामातील इंग्लंडचा विजेता. सामना लीड्सच्या मैदानावर. विंबल्डनचा गोलरक्षक होता डिकी गाय. हा गृहस्थ लंडनच्या गोदीत मालाची मोजदाद करणारा कारकून. जहाजांतून उतरणाऱ्या मालाचा हिशेब हाच त्याचा चरितार्थ. सामना संपायला थोडाच वेळ उरला असताना आणि दोन्ही बाजूंचा एकही गोल झालेला नसताना लीड्सला पेनल्टी मिळाली. ती मारायला पीटर लॉरिमर पुढे झाला. ह्या खेळाडूच्या लाथेचा जोर त्या काळी सर्वत्र प्रसिद्ध होता. गोदीतील कारकुनाने तो चेंडू अडविला.

फेरसामना दहा-पंधरा दिवसांनी झाला. प्लाऊ लेनवर एवढी गर्दी मावेना, म्हणून तो दक्षिण लंडनमधीलच सेलहर्स्ट पार्क ह्या दुसऱ्या संघाच्या मैदानावर ठेवण्यात आला. पंचेचाळीस हजारांहून अधिक लोक लोटले. लीड्सने तो १-० असा जिंकला, आणि तो एक गोलही विंबल्डनच्याच डेव्ह बॅसेटच्या अंगाला लागून आत गेलेला. ह्या बॅसेटचे आणि ह्या सेलहर्स्ट पार्कचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

१९७५, १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ तीन वर्षे विंबल्डनने आपली प्रादेशिक लीग जिंकली आणि १९७७ मध्ये मतदान होऊन त्यांना राष्ट्रीय लीगमध्ये प्रवेश मिळाला. गावात आनंदीआनंद झाला. इथे एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. आत एक गेला म्हणजे बाहेर एक निघाला. ज्याची जागा विंबल्डनला मिळाली तो वर्किंग्टनचा संघ इंग्लंडच्या वायव्य टोकाच्या एका लहान औद्योगिक बंदराचा, आणि तो पुन्हा कधीही लीगमध्ये परतला नाही. विंबल्डनच्या इतिहासात १९७७ हे सुवर्णाक्षरांनी लिहिलेले साल आहे. वर्किंग्टनच्या इतिहासात त्याच सालाला काळी चौकट आहे.

आता रंगभूमीवर मालकवर्ग येतो. १९७६ साली रॉन नोड्स ह्यांनी हा संघ केवळ २,७८२ पौंडांना विकत घेतला. नोड्स हे जमीनजुमल्याचे व्यवहार जाणणारे गृहस्थ. लंडनमध्ये प्रेक्षक थोडे आणि मोठे संघ पुष्कळ. मग हा संघ उचलून दुसरीकडे का नेऊ नये, असा विचार त्यांच्या मनात आला. लंडनपासून साधारण नव्वद किलोमीटरवर मिल्टन कीन्स नावाचे नवे शहर सरकारने वसविण्यास घेतले होते. तिथे मोठा फुटबॉल संघ नव्हता. १९७९ मध्ये नोड्स ह्यांनी तिथला एक कर्जात बुडालेला स्थानिक संघ विकतही घेतला. परंतु पुढे हिशेब मांडून पाहता तिथेही प्रेक्षक वाढण्याची खात्री वाटेना, तेव्हा त्यांनी बेत सोडून दिला. बेत सोडला गेला, पण ती कल्पना जमिनीत पडून राहिली.

१९८१ मध्ये नोड्स ह्यांनी संघ विकला आणि सेलहर्स्ट पार्कचा क्रिस्टल पॅलेस हा संघ घेतला. विंबल्डनचे नवे धनी झाले सॅम हम्माम नावाचे लेबनॉनचे व्यापारी. किंमत ४०,००० पौंड.

हम्माम ह्यांची पहिली दहा वर्षे पाहिली तर त्यांना नायक न म्हणणारा माणूस कृतघ्नच म्हटला पाहिजे. डेव्ह बॅसेट आता संघाचा व्यवस्थापक झालेला होता. १९८२-८३ च्या हंगामात चौथ्या विभागात असलेला संघ १९८६ साली पहिल्या विभागात पोहोचला. नऊ वर्षांपूर्वी प्रादेशिक लीगमध्ये खेळणारे हे लोक त्या वर्षीच्या सप्टेंबरात काही दिवस साऱ्या इंग्लंडच्या गुणतक्त्यात अग्रभागी होते. मोठी नावे विकत घेण्यास पैसा नव्हता. गोलरक्षक डेव्ह बीझंट एका उपनगरी संघाकडून १,००० पौंडांत आणलेला. व्हिनी जोन्स बांधकामावर विटा वाहण्याचे काम करीत असे. अ‍ॅलन कॉर्क हा चारही विभागांत ह्याच संघाकडून खेळून चढत आलेला.

त्यांचा खेळ मात्र जाणत्यांना रुचत नसे. चेंडू उंच उडवायचा, त्याच्यामागे धावायचे, प्रतिपक्षाला धक्काबुक्कीने हैराण करायचे. खोलीत एकमेकांचे कपडे जाळायचे, नव्या खेळाडूची नाही नाही ती थट्टा करायची. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘वेडी टोळी’ असे नाव दिले आणि त्यांनी ते भूषण म्हणून मिरविले. इंग्लंडच्या दृष्टीने त्या काळी खलनायक कोण, असा प्रश्न केला असता तर पुष्कळांनी ह्याच अकरा जणांकडे बोट दाखविले असते. आणि तो आरोप सर्वस्वी निराधार होता असे म्हणवत नाही. त्यांच्या दांडगाईने दुखापत झालेले खेळाडू होते. गावाचे प्रेम आणि जगाचा राग ही दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

१४ मे १९८८ रोजी वेम्ब्लीवर चषकस्पर्धेचा अंतिम सामना झाला. प्रतिस्पर्धी लिव्हरपूल, त्या हंगामातील लीगचा विजेता आणि त्या काळचा इंग्लंडमधील सर्वांत बलाढ्य संघ. प्रेक्षक सुमारे अठ्ठ्याण्णव हजार. सदतिसाव्या मिनिटाला डेनिस वाइजने मारलेल्या फ्री किकवर लॉरी सांचेझने डोक्याने गोल केला. उत्तरार्धात लिव्हरपूलला पेनल्टी मिळाली. ती जॉन ऑल्ड्रिजने घेतली. बीझंट आपल्या डाव्या बाजूला झेपावला आणि त्याने चेंडू बाहेर ढकलला. वेम्ब्लीवरील चषकाच्या अंतिम सामन्यात पेनल्टी अडविली गेल्याचा तो पहिलाच प्रसंग. सामना १-० असा संपला आणि कर्णधार म्हणून बीझंटनेच चषक स्वीकारला. वेम्ब्लीवर गोलरक्षक-कर्णधाराच्या हाती चषक येण्याचाही तो पहिलाच प्रसंग होता.

ह्या विजयाने त्यांना युरोपातील स्पर्धेत खेळण्याचा हक्क मिळायचा, परंतु तो मिळाला नाही. १९८५ साली ब्रसेल्सच्या हायझेल मैदानावर लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनी केलेल्या दंगलीत माणसे मेली होती आणि त्यामुळे सर्वच इंग्रजी संघांना युरोपात बंदी होती. दुसऱ्यांच्या अपराधाची शिक्षा विंबल्डनने भोगली.

एप्रिल १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली आणि लिव्हरपूलचे ९७ प्रेक्षक प्राणास मुकले. त्यानंतर नेमलेल्या टेलर चौकशीने वरच्या विभागांतील मैदानांवर सर्व प्रेक्षकांना बसण्यासाठी आसने हवीत, असा निर्णय दिला. ह्या निर्णयाला कोणीही नावे ठेवू नयेत. तो माणसांच्या जिवासाठी होता. पण प्लाऊ लेनच्या उभ्या राहण्याच्या जुनाट पायऱ्यांना ही सुधारणा पेलणारी नव्हती. १९९१ साली संघाने मैदान सोडले आणि तो सेलहर्स्ट पार्कवर नोड्स ह्यांच्या क्रिस्टल पॅलेसचा भाडेकरू म्हणून राहू लागला. तात्पुरती सोय म्हणून गेलेले लोक तिथे बारा वर्षे राहिले.

आता खरेदीखताकडे वळले पाहिजे, कारण ह्या कथेचे मर्म गोलांपेक्षा त्या कागदात आहे. १९५९ साली सिडनी ब्लॅक हे अध्यक्ष असताना प्लाऊ लेनची जागा नगरपालिकेकडून विकत घेण्यात आली होती. त्या वेळी त्यात एक कलम घातलेले होते. जागा खेळासाठी राखून ठेवायची. ती अन्य कारणासाठी विकायची झाल्यास नगरपालिकेला ती परत घेण्याचा हक्क राहील. हे एक कलम म्हणजे त्या मैदानाचे कुलूप होते. १९९० च्या सुमारास नगरपालिकेस पैसे भरून ते कलम उठविण्यात आले. दुरुस्तीसाठी कर्ज काढता यावे, नव्या जागेसाठी भांडवल उभे राहावे, अशी कारणे असतील; त्या वेळी त्यात कोणाला फारसे वावगे दिसले नाही. परंतु कुलूप निघाल्यावर जागेची किंमत बाजारभावाने होऊ लागली, आणि १९९८ मध्ये हम्माम ह्यांनी ती सेफवे ह्या सुपरमार्केट कंपनीला विकली. त्याआधीच्या वर्षी संघाचा मोठा हिस्सा नॉर्वेच्या रॉक्के आणि येल्स्टेन ह्या दोन धनिकांकडे गेलेला होता. मधल्या काळात संघ आयर्लंडमधील डब्लिनला हलविण्याचीही खटपट होऊन गेली. २००० साली हम्माम आपला उरलेला हिस्सा विकून वेल्समधील कार्डिफच्या संघाचे धनी झाले.

नगरपालिकेने नव्या मैदानासाठी जागा दिली नाही, हे हम्माम ह्यांचे गाऱ्हाणे होते आणि त्यात तथ्य नव्हतेच असे नाही. पण एवढे खरे की १९८१ मध्ये संघाजवळ मैदान होते आणि हम्माम गेले तेव्हा ते नव्हते. त्यांनी विंबल्डनला वेम्ब्लीवर नेले आणि त्यांनीच विंबल्डनला बेघर केले. आजही त्या गावातील वयस्क प्रेक्षकांसमोर हे नाव काढल्यास क्षणभर स्तब्धता पसरते.

१४ मे २००० रोजी, चषक जिंकल्याला बरोबर बारा वर्षे झाली त्याच दिवशी, संघ पहिल्या विभागातून खाली घसरला. मैदान नाही, प्रेक्षक घटलेले, तोटा वाढता. नॉर्वेच्या धन्यांनी चार्ल्स कॉपल ह्यांना अध्यक्ष नेमले. ऑगस्ट २००१ मध्ये कॉपल ह्यांनी जाहीर केले की संघ मिल्टन कीन्सला जाणार. वीस वर्षांपूर्वी जमिनीत पडलेले बी आता उगवले. तिथले उद्योजक पीट विंकलमन ह्यांना आपल्या शहरात मोठे क्रीडागार उभारायचे होते. त्याच्यालगत प्रचंड दुकाने उभारावयाची आणि त्यांच्या नफ्यातून क्रीडागाराचा खर्च काढायचा, अशी योजना होती. मात्र वरच्या विभागातील संघ असल्याखेरीज ती उभी राहीना. संघ तयार करण्यास वर्षे लागतात. तयार संघ आणणे सोपे.

लीगने प्रथम ठामपणे नकार दिला. मग लवाद बसला, पुन्हा विचार करण्याचे ठरले, आणि अखेरीस फुटबॉल असोसिएशनने तीन जणांचे एक मंडळ नेमले. त्याने २८ मे २००२ रोजी दोन विरुद्ध एक अशा मताने स्थलांतरास परवानगी दिली. प्रेक्षकांनी विंबल्डनमध्येच नवा संघ काढला तर ते फुटबॉलच्या व्यापक हिताचे ठरणार नाही, अशा अर्थाचे एक वाक्यही त्या निकालपत्रात होते. इंग्लंडच्या क्रीडाजगतात क्वचितच एखाद्या वाक्याने लेखकांच्या अपेक्षेच्या इतके उलट काम केले असेल.

कारण दोनच दिवसांनी गावात सभा भरली. क्रिस स्ट्युअर्ट हे प्रेक्षकांपैकीच एक. वर्षभर लढ्यात गुंतलेले. आपल्याला भांडायचा कंटाळा आला आहे, आता फक्त फुटबॉल पाहायचा आहे, असे त्यांनी सांगितले, आणि नवा संघ काढण्याचे ठरले. मालकी प्रेक्षकांच्या विश्वस्त संस्थेची. सभासदाला एक मत, मग तो कितीही धनवान असो. खेळाडू कुठून आणायचे? जाहिरात दिली, आणि जूनच्या अखेरीस त्याच माळरानावर, जिथे १८८९ मध्ये शाळेची मुले खेळली होती, निवडचाचणी ठेवली. दोनशेहून अधिक माणसे बूट घेऊन आली.

पहिला सामना १० जुलै २००२ रोजी सटन युनायटेडशी झाला, म्हणजे १९६३ च्या त्या अंतिम सामन्यातील प्रतिस्पर्ध्याशीच. साडेचार हजारांहून अधिक प्रेक्षक आले. दारावर रांगा संपेनात म्हणून सामना उशिरा सुरू करावा लागला. विंबल्डन ०-४ असे हरले आणि सामना संपल्यावर लोक मैदानात धावत जाऊन आपल्या पराभूत खेळाडूंना मिठ्या मारू लागले. नव्या संघाला जागा मिळाली ती उतरंडीच्या नवव्या पायरीवर, जिथे सामन्याला शे-दीडशे माणसे जमली तरी पुष्कळ. तिथे विंबल्डनला सरासरी तीन हजार प्रेक्षक लाभले. त्याच हंगामात जुना संघ सेलहर्स्ट पार्कवर अजून खेळतच होता, कारण मिल्टन कीन्सचे मैदान तयार नव्हते. ऑक्टोबर २००२ मधील त्याच्या एका सामन्यास ८४९ माणसे हजर होती.

जुना संघ २००३ च्या सप्टेंबरात गेला, दिवाळखोरीच्या व्यवस्थापनाखाली गेला आणि २००४ मध्ये नाव बदलून मिल्टन कीन्स डॉन्स झाला. इथे त्या नव्या शहरावरही अन्याय होऊ नये. तिथे जन्मलेल्या मुलाला जवळच्या मैदानावर चांगला फुटबॉल पाहायला मिळाला; त्या संघाने २०१४ साली मँचेस्टर युनायटेडला ४-० असे हरविले; डेली अली हा इंग्लंडचा खेळाडू त्याच गावचा आणि त्याच संघात घडलेला. त्या मुलाच्या लेखी विंकलमन हेच नायक आहेत. खुद्द विंकलमन ह्यांनी मात्र, ज्या रीतीने संघ तिथे आला तिचा आपल्याला अभिमान वाटत नाही, असे पुढे बोलून दाखविले. २००७ मध्ये त्यांच्या संघाने जुन्या विंबल्डनचे चषक आणि मानचिन्हे विंबल्डनच्या स्थानिक नगरपालिकेस परत केली आणि १९८८ चा विजय आपला नव्हे हे मान्य केले.

इकडे नवा संघ एकेक पायरी चढत होता. फेब्रुवारी २००३ ते डिसेंबर २००४ ह्या काळात तो लीगचे ७८ सामने लागोपाठ हरला नाही. २००३-०४ च्या हंगामात ४६ पैकी ४२ सामने जिंकले आणि चार बरोबरीत सुटले. २००७ मध्ये एका खेळाडूच्या नोंदणीत चूक झाली म्हणून अठरा गुण कापण्यात आले. देशभर ओरड झाली आणि शिक्षा तीन गुणांवर आली. लहान संघाला कागदाची भीती प्रतिस्पर्ध्याहून अधिक असते, ती अशी.

नवा संघ राहत होता किंगस्टन भागातील किंग्जमेडो ह्या मैदानावर. ते मैदान मुळात किंगस्टोनियन ह्या दुसऱ्या लहान संघाचे. पण तो संघ आर्थिक अडचणीत सापडला आणि मैदान त्याच्या हातून निसटले होते. विंबल्डनच्या विश्वस्तांनी २००३ मध्ये त्याचा भाडेपट्टा विकत घेतला आणि किंगस्टोनियनला तिथेच सवलतीने खेळू दिले. येथवर सारे ठीक. परंतु पुढे स्वतःच्या गावी परतण्यासाठी पैसा उभारताना विंबल्डनने तेच मैदान चेल्सीला विकले, आणि २०१७ मध्ये किंगस्टोनियनला बाहेर पडावे लागले. बेघर होण्याचे दुःख ज्यांनी पुरते भोगले होते, त्यांच्या परतीच्या वाटेवर दुसरा एक संघ बेघर झाला. त्यांनी काही मदत दिली, कायद्याने त्यांचे चुकले नाही. तरी किंगस्टोनियनच्या इतिहासात ह्या प्रकरणातील नायकाची भूमिका त्यांना मिळेल असे दिसत नाही. विंबल्डनच्या गौरवगाथा सांगणारे पुष्कळजण हे पान उलटून पुढे जातात. तसे करू नये.

२१ मे २०११ रोजी मँचेस्टरमध्ये राष्ट्रीय लीगच्या दारातील शेवटचा सामना झाला. प्रतिस्पर्धी ल्यूटन टाउन. पूर्ण वेळ आणि जादा वेळ खेळूनही गोल झाला नाही आणि निकाल पेनल्टींवर आला. विंबल्डनचा गोलरक्षक होता सेब ब्राऊन, लहानपणी ह्याच संघाचे सामने पाहायला जाणारा मुलगा. त्याने दोन पेनल्टी अडविल्या. शेवटची पेनल्टी कर्णधार डॅनी केडवेलने गोलात धाडली आणि नऊ वर्षांत पाचव्यांदा वरची पायरी चढून विंबल्डन लीगमध्ये परत आले. डिकी गाय तेव्हा संघाचे मानद अध्यक्ष होते. लीड्सच्या मैदानावरील त्यांच्या त्या झेपेला छत्तीस वर्षे झाली होती. गोदीतील कारकून, हजार पौंडांचा बीझंट आणि हा प्रेक्षकांतला पोरगा : ह्या संघाच्या नशिबी प्रत्येक वेळी कोणीतरी गोलात उभा राहून अडविणारा होता. खरेदीखताच्या कलमापाशी मात्र तेवढा कोणी उभा नव्हता.

मिल्टन कीन्सच्या संघाशी गाठ पडणे अटळ होते, आणि डिसेंबर २०१२ मध्ये चषकस्पर्धेत ती पडली. विंबल्डनच्या अनेक प्रेक्षकांनी त्या मैदानात पाय ठेवण्याचे नाकारले. अनेकजण मन घट्ट करून गेले. जादा मिळालेल्या वेळातील एका गोलाने मिल्टन कीन्सने सामना २-१ असा जिंकला. पुढे २०१६ मध्ये विंबल्डन तिसऱ्या विभागात चढले आणि त्याच वर्षी मिल्टन कीन्सचा संघ वरून तिथेच घसरला, तेव्हा दोघे एका पायरीवर आले. विंबल्डनची चढउतार त्यानंतरही थांबली नाही. २०२२ मध्ये संघ चौथ्या विभागात उतरला आणि २०२५ मध्ये पुन्हा तिसऱ्यात गेला.

जुन्या मैदानाच्या जागी सुपरमार्केट कधीच झाले नाही. लोकांच्या विरोधामुळे तो बेत बारगळला, मैदान अनेक वर्षे ओसाड राहिले आणि अखेर २००२ मध्ये पाडले गेले. तिथे आता सदनिकांच्या इमारती आहेत. वसाहतीचे नाव रेनल्ड्स गेट, ज्याने वेम्ब्लीवर डोक्याने चार गोल केले त्या एडी रेनल्ड्सच्या स्मरणार्थ. इमारतींना बॅसेट, कॉर्क अशी जुन्या मंडळींची नावे दिलेली आहेत.

त्याच प्लाऊ लेनवर, ह्या इमारतींपासून दोन-अडीचशे पावलांवर, कुत्र्यांच्या शर्यतींचे एक जुने मैदान होते. तिथे नवे क्रीडागार बांधण्यास डिसेंबर २०१५ मध्ये नगरपालिकेने मंजुरी दिली. बांधकाम निम्म्यावर आल्यावर पैसा अपुरा पडला. बाहेरच्या धनिकांना हिस्सा विकावा की काय, ह्यावर सभासदांत कडाक्याचे वाद झाले. ज्यांनी एकदा मालकांचे परिणाम पाहिले होते त्यांना ती वाट नको होती. शेवटी कर्जरोखे काढले आणि प्रेक्षकांनी व हितचिंतकांनी मिळून पन्नास लाख पौंडांहून अधिक रक्कम त्यांत घातली. भिंती उभ्या राहिल्या, छत चढले, हिरवळ अंथरली गेली.

३ नोव्हेंबर २०२० रोजी सायंकाळी तिथे पहिला सामना झाला, डॉनकॅस्टर रोव्हर्सशी. प्लाऊ लेनवरून संघ गेल्याला एकोणतीस वर्षे झाली होती. जगभर साथ पसरलेली होती आणि सरकारी आज्ञेनुसार प्रेक्षकांस आत येण्यास मनाई होती. ज्यांनी रोखे घेतले, माळरानावर निवडचाचण्या ठेवल्या, सटनला दारावर रांगा लावल्या, ते त्या रात्री आपापल्या घरी पडद्यापुढे बसून होते. विंबल्डनचा पहिला गोल जो पिगॉटने केला. सामना २-२ असा बरोबरीत सुटला आणि खेळाडू रिकाम्या खुर्च्यांपुढून चालत आत गेले.